सरकारी पैसा गावात येतो तेव्हा शेतीत नेमके काय बदलते? कोल्हापूर परिसरातील अनुभव हवे आहेत

करवीरचा सदस्य

नमस्कार.

मी करवीर तालुक्यातील एका लहान गावचा ग्रामपंचायत सदस्य आहे. गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसभेत विकास आराखड्यावर चर्चा झाली आणि ती चांगलीच तापली. गावाच्या ओढ्यावर सरकारी खर्चातून बांधलेला कोल्हापूर पद्धतीचा एक जुना बंधारा आहे. त्याचे काही बरगे, म्हणजे पाणी अडवायला गाळ्यांत घालायच्या आडव्या फळ्या, गंजले आहेत, काही दोन वर्षे सापडतच नाहीत. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास अडवलेले पाणी माघ संपण्याआधीच झिरपून जाते आणि उन्हाळ्यात ओढ्याकाठच्या विहिरी तळ गाठतात. आराखड्याच्या मसुद्यात मात्र स्वागत कमान आणि चौकातील पेव्हर ब्लॉक हीच कामे वर होती.

मी बंधाऱ्याचा विषय काढला, तेव्हा तरुण शेतकऱ्यांनी निराळाच मुद्दा मांडला. कामावर घातलेल्या पैशातला किती पैसा कामात उतरतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे; मग तोच पैसा सरळ शेतकऱ्याच्या खात्यावर का देत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. त्यावर एक ज्येष्ठ शेतकरी उठून म्हणाले, "खात्यावर आलेला पैसा बाजारात जातो, बंधाऱ्यात घातलेला पैसा शिवारात राहतो." दोन्ही बाजू ऐकून मी घरी आलो, पण माझे समाधान झाले नाही, कारण दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे असे मला मनापासून वाटते.

म्हणून जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. आपल्या जिल्ह्यात शेतीवर आणि गावांवर एवढ्या वर्षांत जो सरकारी खर्च झाला, त्यातला कोणता टिकला, आणि तो का टिकला? दुसरे असे की, पंधराव्या वित्त आयोगाचा जो थोडा निधी आमच्याकडे शिल्लक आहे, त्यातून बंधाऱ्यासाठी काही करता येते का? पुढच्या ग्रामसभेत मला नुसते मत मांडायचे नाही, आधार देऊन बोलायचे आहे.

---

भोगावतीकाठ

सदस्य महोदय, मी पाटबंधाऱ्यांच्या कामावर तीस वर्षे नोकरी केली. त्यातली बहुतेक वर्षे भोगावती नदीच्या काठावर गेली, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

राजर्षी शाहू महाराजांनी फेजिवडे येथे राधानगरी धरणाचे काम हाती घेतले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. एका संस्थानाच्या तिजोरीच्या मानाने हा खर्च फार मोठा होता. महाराजांच्या हयातीत धरण पुरे झाले नाही. ते स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात पूर्ण झाले. आज राधानगरी धरणात ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठते, आणि पावसाळ्यात त्याचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले की पंचगंगेकाठचा प्रत्येक माणूस पाण्याची पातळी विचारू लागतो. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या धरणाची महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या पाण्यासाठी प्रामुख्याने लांबलचक कालव्यांचे जाळे उभारले गेले नाही. धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून खाली येते, ठिकठिकाणच्या बंधाऱ्यांनी अडते आणि तिथून शेतकरी ते उपसून शेतात नेतो. म्हणजे सरकारचा पैसा नदीपाशी थांबला आणि नदीपासून सरीपर्यंतचा खर्च लोकांनी उचलला. गावोगावी सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या, सभासदांनी जमिनी तारण ठेवून कर्जे काढली, जॅकवेल (नदीकाठची उपसा विहीर) बांधली, चढावर पाइपलाइन नेली आणि पाण्याची पाळी सांभाळायला पाटकरी नेमला. ज्याने स्वतःची जमीन तारण ठेवली आहे, तो फुटलेल्या पाइपकडे काणाडोळा करीत नाही. आपल्याकडे हा खर्च टिकला, त्याचे सर्वांत मोठे कारण माझ्या मते हेच आहे.

आता आपल्या बंधाऱ्याविषयी. ज्यांनी बरगे घालताना पाहिलेले नाहीत, त्यांना वाटते की बंधारा म्हणजे एकदा बांधली की संपली अशी भिंत. तसे नाही. दोन खांबांच्या मधल्या प्रत्येक गाळ्याला आतून खाचा असतात, त्यात बरगे एकावर एक आडवे उतरवायचे असतात. जुन्या पद्धतीत बरग्यांच्या दोन ओळी लावून मधल्या जागेत चिकणमाती घट्ट ठासत असत. पूर्वी बरगे लाकडी होते, आता लोखंडी आले आहेत, त्यांच्या सांध्याला रबरी पट्टी लावतात. परतीचा पाऊस ओसरला की बरगे घालायचे आणि मृगाच्या आधी काढून घ्यायचे, असे हे दर वर्षाचे काम आहे. पहिला बरगा तळाच्या उंबऱ्यावर नीट बसला नाही आणि बोटभर फट राहिली, तर वर कितीही बरगे रचले तरी पाणी रात्रंदिवस त्या फटीतून जात राहते. आणि काढायला उशीर झाला तर त्याहून वाईट होते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मे महिन्यातच वळवाचा मोठा पाऊस झाला. एका ओढ्यावरच्या बंधाऱ्याचे बरगे काढायचे आम्ही दुसऱ्या दिवसावर ढकलले होते. रात्रीत पाणी चढले, त्याला गाळ्यातून वाट मिळाली नाही, म्हणून त्याने काठच कोरला आणि बंधाऱ्याच्या बगलेला असलेला ऊस मातीसकट वाहून गेला. सकाळी तिथे उभा राहिलो तेव्हा बंधारा जसाच्या तसा होता, पण ओढा त्याच्या शेजारून वाहत होता. ती चूक माझी होती आणि मी ती विसरलेलो नाही.

हे एवढ्यासाठी सांगितले की बंधारा बांधण्याचा खर्च एकदा होतो, परंतु त्याची राखण दर वर्षी करावी लागते. नव्या कामाच्या उद्घाटनाला माणसे जमतात, रबरी पट्ट्यांच्या खरेदीला कोणी येत नाही. अंदाजपत्रकातही तसेच घडते; नव्या बांधकामाला तरतूद मिळते आणि देखभालीला उरलेसुरले. आपल्या ग्रामसभेने पहिला प्रश्न हा विचारावा की बरगे कोण घालणार, कोण काढणार, काढल्यावर कुठे ठेवणार आणि त्याची मजुरी कोठून देणार. त्याचे उत्तर ठरल्याशिवाय नवे बरगे आणू नका. लोखंडाला भंगारात भाव येतो, उघड्यावर ठेवलेले बरगे राहत नाहीत.

निधीच्या प्रश्नाचे उत्तरही थोडक्यात देतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीत बंधित आणि अबंधित असे दोन भाग आहेत. २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांच्या निधीत बंधित भाग ६० टक्के आहे. तो पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याचे संकलन, पाण्याचा पुनर्वापर आणि स्वच्छता यांसाठीच वापरायचा असतो. उरलेला ४० टक्के अबंधित भाग गावाच्या गरजेनुसार वापरता येतो, मात्र त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेच्या लहान योजना साधारणपणे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे आपल्या बंधाऱ्याची नोंद कोणाकडे आहे ते आधी पाहा आणि ग्रामसभेचा ठराव करून दुरुस्तीची लेखी मान्यता घ्या. ओढ्याच्या पाण्याने गावाच्या नळपाणी योजनेची विहीर भरत असेल, तर ते ठरावात स्पष्ट लिहा, म्हणजे कोणत्या भागातून किती खर्च बसतो हे ठरवणे सोपे जाईल.

---

कुरुंदवाड शिवार

वरचे उत्तर मला फार आवडले, पण त्यात एक बाजू राहिली आहे आणि ती आम्ही शिरोळ तालुक्यातील शेतकरी रोज पाहतो.

नदीपासून सरीपर्यंत लोकांनी खर्च केला हे खरे. पण सरीत गेलेले जास्तीचे पाणी शेताबाहेर कसे काढायचे, यावर ना सरकारने पैसा घातला, ना आम्ही. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या आमच्या काळ्या, खोल जमिनी आहेत. त्या पाणी धरून ठेवतात, निचरा सावकाश करतात. पाणी बारमाही झाले आणि उसामागून ऊस, खोडव्यामागून खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवर पुन्हा वाढवलेले पीक) सुरू झाला. पाणीपट्टी क्षेत्रावर आणि पिकावर, मग पाणी कमी देण्यात कोणाचा काय फायदा? रात्रीची वीज आली की मोटर सुरू करून झोपायचे आणि सकाळी पाणी बांधावरून बाहेर पडलेले पाहायचे, असे आम्हीच केले. माझ्या वडिलांच्या काळात आमच्या रानात एकरी उत्तम ऊस निघत असे. पुढे शेताच्या एका कोपऱ्यात उन्हाळ्यात पांढरे मीठ फुटू लागले. पहिल्या वर्षी ते चुन्यासारखे पुसट दिसले, तिसऱ्या वर्षी त्या जागी उसाचे डोळे उगवेनात, आणि नंतर तिथे लव्हाळ्याशिवाय काही राहिले नाही. पाऊल टाकले की वर कडक पापुद्रा फुटतो आणि खाली चिखल लागतो. ज्यांनी हे स्वतःच्या रानात पाहिले नाही, त्यांना या दुखण्याची कल्पना येणार नाही. सातबाऱ्यावर जमीन आहे, पण तिच्यातून वैरणसुद्धा निघत नाही.

यावर उपाय आहे. जमिनीत ठरावीक खोलीवर सच्छिद्र पाइप पुरायचे, त्यांतून क्षारांचे पाणी मुख्य पाइपात आणि तिथून ओढ्यात सोडायचे. आमच्या तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने पुढाकार घेऊन शेतकऱ्यांना एकत्र केले आणि अशा निचरा योजना मोठ्या क्षेत्रावर राबवल्या. या कामात मला जे शिकायला मिळाले ते असे. ठिबक एकट्याला बसवता येते, निचरा एकट्याला करता येत नाही. माझे पाणी शेजाऱ्याच्या रानाखालून गेले पाहिजे, त्याचे पुढच्याच्या. मध्ये एकाने जरी नाही म्हटले, तरी वरच्या सगळ्यांची पाइपलाइन अडते. आमच्या गटात एका शेतकऱ्याची जमीन अजून चांगली होती, तो म्हणायचा मी कशाला खर्च करू. त्याला तयार करायला आम्हाला दोन हंगाम लागले, आणि त्याच्या वाट्याचा खर्च सुरुवातीला इतरांनी वाटून घेतला तेव्हा काम पुढे सरकले.

ग्रामसभेतील तरुणांचा मुद्दा मी याच ठिकाणी तपासून पाहतो. निचऱ्याचा पैसा प्रत्येकाच्या खात्यावर वेगवेगळा टाकला असता, तर आमच्या गावात एक फूटही पाइप पुरला गेला नसता. जे काम एकमेकांच्या बांधावरून जाते, त्याचा पैसा एकत्रच आला पाहिजे. उलट, ठिबकसारख्या कामाला वैयक्तिक अनुदान योग्यच आहे. केंद्राच्या योजनेत अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान होते, राज्याने पूरक भर घालून ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेले. त्यातही एक अडचण आहे, ती सांगायलाच हवी: आधी पूर्वसंमती, मग स्वतःच्या खिशातून खरेदी, मग तपासणी आणि शेवटी अनुदान. ज्याच्याकडे आधी घालायला पैसे आहेत त्यालाच ते मिळते. अर्ध्या एकराचा शेतकरी कागदावर पात्र असतो आणि प्रत्यक्षात दुकानदाराच्या उधारीवर अवलंबून राहतो.

वीज आणि पाणी स्वस्त करण्यावर सरकार खर्च करते, तेव्हा जमिनीवर त्याचा काय परिणाम होतो, याचाही हिशेब मांडायला हवा. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. कोरडवाहू भागातील विहिरीवरच्या शेतकऱ्याला तिचा मोठा आधार आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ज्या शिवारात आधीच पाणी जास्त झाले आहे, तिथे मोटर बंद करायला आता कोणतेच कारण उरले नाही. एका हाताने पाणी उपसायला फुकट वीज द्यायची आणि दुसऱ्या हाताने त्याच पाण्याने बिघडलेली जमीन सुधारायला अनुदान द्यायचे, असे दोन खर्च आमच्या एकाच रानात होत आहेत.

---

पाटगाव खोरे

मी भुदरगड तालुक्यात राहते आणि आमच्या महिला दूध संस्थेचे काम पाहते. वरचे दोन्ही दादा पाण्याचे आणि उसाचे बोलले, ते बरोबरच आहे, पण आमच्या डोंगरकपारीच्या गावांत प्रत्येकाला नदीचे पाणी आणि ऊस नाही. भात, नाचणी आणि दावणीला दोन म्हशी, एवढ्यावर घर चालते. त्यामुळे माझे मत थोडे वेगळे आहे.

खात्यावर येणाऱ्या पैशाला एवढे कमी लेखू नका. पंतप्रधान किसान सन्मान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये २०१९ पासून मिळतात आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान योजनेचे तेवढेच २०२३ पासून. दोन्ही मिळून १२,०००, म्हणजे दिवसाला साधारण ३३ रुपये. बागायतदाराला ही रक्कम दिसणारही नाही. आमच्याकडे मात्र भाताच्या लागणीच्या तोंडावर २,००० रुपयांचा हप्ता आला, तर खताची पोती उधारीवर आणावी लागत नाहीत, आणि उधारीवर आणलेले पोते रोखीच्या पोत्यापेक्षा महाग पडते, हे आम्हा बायकांना चांगले कळते. माझी खरी तक्रार आहे ती वेगळी. हा पैसा जमिनीच्या नावावर येतो, राबणाऱ्याच्या नावावर नाही. चिखलणीपासून मळणीपर्यंत शेतात बाई असते, सातबाऱ्यावर मात्र सासऱ्यांचे किंवा नवऱ्याचे नाव असते. वाट्याने शेत करणाऱ्यालाही काही मिळत नाही.

दुधाचे मात्र असे नाही. म्हैस कोणाच्या नावावर आहे हे संस्थेत कोणी विचारत नाही, दूध कोण घालते ते पाहतात. आमच्या जिल्ह्यात १९६३ साली स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघाने आणि गावोगावच्या संस्थांनी दर दहा दिवसांनी बिल देण्याची जी पद्धत घातली, तिने बायकांच्या हातात रोख पैसा आणला. पहाटे साडेपाचला किटली घेऊन रांगेत उभे राहायचे, मापाड्याने फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले घन घटक) सांगायचे, पावती पदराला बांधून घरी यायचे. दिवाळीला फरक बिल (वर्षभर घातलेल्या दुधावरचा जादा दर) आले की मुलांचे कपडे आणि वर्षाची पेंड होते. सहकारातून हे उभे राहिले, पण त्याच्या मागे सरकारी खर्चही आहे आणि तो कोणी मोजत नाही. १९७० मध्ये सुरू झालेल्या दूध महापूर योजनेने देशातील दूध संघांना शीतकरण केंद्रे, टँकर आणि प्रक्रियेची यंत्रे उभी करायला पैसा पुरवला. पशुवैद्यकीय दवाखाने, कृत्रिम रेतन, लाळ्या-खुरकुताची लस, हे सगळे सरकारी खर्चाने चालते. २०२२ मध्ये जनावरांच्या लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा आमच्या वाडीवर लसीकरणाचे पथक चालत आले, कारण पावसाने रस्ता खचला होता. एका दिवसात त्यांनी वाडीतल्या सगळ्या गाई टोचल्या. माझ्या शेजारणीची गाय त्याआधीच दगावली होती, तिचे वासरू मात्र वाचले. त्या लसीची किंमत काही रुपये असेल, एक गाय गेली की घराचे सहा महिन्यांचे मीठ-मिरचीचे पैसे जातात.

म्हणून सदस्य दादा, तुमच्या आराखड्यात बंधारा जरूर घ्या, पण जनावरांच्या दवाखान्याची इमारत, उपचारासाठी जनावर अडकवून उभे करायचा खोडा आणि लस थंड ठेवायचा फ्रिज यांचाही विचार करा. कमानीच्या खर्चात हे सगळे बसेल.

---

करवीरचा सदस्य

तिघांनाही मनापासून धन्यवाद. ताई, जनावरांच्या खोड्याचा विषय आमच्या एकाही बैठकीत निघाला नव्हता, तो मी लिहून घेतला आहे. दवाखान्याच्या आवारातील खोडा मोडून एक वर्ष झाले आणि सध्या जनावर झाडाला बांधून इंजेक्शन देतात.

एक शंका राहते. ग्रामसभेत कर्जमाफीचाही उल्लेख झाला. सरकार शेतीसाठी जो खर्च करते त्यातला मोठा भाग कर्जमाफीत जातो आणि आमच्या भागाला तो मिळत नाही, अशी लोकांची भावना आहे. ती कितपत बरोबर आहे?

---

निवृत्त गटसचिव

मी विकास सेवा संस्थेत, म्हणजे गावात पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत, गटसचिव म्हणून काम केले आहे, म्हणून या शंकेचे उत्तर देण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजतो.

लोकांच्या भावनेमागे कारण आहे. आपल्या जिल्ह्यात पीककर्जाची वसुली मुख्यतः ऊसबिलातून होते. कारखाना बिल काढतो, त्यातून संस्थेचे कर्ज परस्पर वळते होते आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या हाती येते. म्हणून इथला ऊस उत्पादक सहसा थकत नाही. आणि कर्जमाफी असते थकबाकीदारासाठी. २०१७ च्या योजनेत दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ झाली, तर नियमित परतफेड करणाऱ्याला जास्तीत जास्त २५,००० रुपये प्रोत्साहन मिळाले. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत मर्यादा दोन लाखांची होती. नियमित कर्जदारांना ५०,००० रुपयांपर्यंत देण्याचे २०२० च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले होते, पण ते प्रत्यक्ष मिळायला २०२२ साल उजाडले. त्या मधल्या काळात माझ्या टेबलासमोर बसून किती जणांनी विचारले असेल, "अण्णा, वेळेवर भरले ही आमची चूक झाली काय?" मला त्यांना उत्तर देता येत नव्हते.

तरीही मी कर्जमाफीच्या विरोधात नाही. मराठवाडा, विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या मागे ना धरण आहे, ना दहा दिवसांचे दूधबिल, ना हमखास ऊस नेणारा कारखाना. आपल्या मागे शंभर वर्षांचा सरकारी खर्च उभा आहे. तो धरणात, बंधाऱ्यांत आणि सहकारी कारखान्यांना दिलेल्या शासकीय भागभांडवलात आणि हमीत आहे, म्हणून तो आपल्याला अनुदान म्हणून दिसत नाही. ज्यांना तो मिळाला नाही, त्यांना पुन्हा पुन्हा माफी द्यावी लागते. आपल्या ग्रामसभेत कोणी "आम्हाला काय मिळाले?" असे विचारले, तर त्याला आधी नदीकडे बोट दाखवावे.

व्याजाची सवलत मात्र आपल्याकडे खऱ्या अर्थाने उपयोगी पडली. केंद्राच्या सवलतीमुळे मुदतीत भरणाऱ्याला पीककर्ज चार टक्क्यांनी पडते आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेमुळे तीन लाखांपर्यंत तेही शून्यावर येते. यात वेळेवर भरणाऱ्याचा मान राहतो. माझ्या अनुभवात, हंगामात सावकाराकडे जाणारी माणसे कमी झाली ती माफीमुळे नव्हे, तर योग्य वेळी आणि कमी व्याजात कर्ज मिळाल्यामुळे. खरिपाचे कर्ज जुलैअखेर मंजूर झाले तर त्याचा उपयोग काय? तोवर पेरणी उधारीवर होऊन गेलेली असते.

---

भोगावतीकाठ

कुरुंदवाडच्या मित्रांनी निचऱ्याचा मुद्दा काढला तो मी माझ्या उत्तरात मांडायला हवा होता. आम्ही पाणी अडवण्याचे आणि पोहोचवण्याचे काम केले, ते पुढे काय करते हे पाहणे आमच्या कामाचा भाग मानले गेले नाही. सदस्य महोदय, आपला बंधारा दुरुस्त झाला आणि पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकले, तर पहिल्याच वर्षी लोक ओढ्याकाठी ऊस वाढवतील. तेव्हा ओढ्याच्या दोन्ही अंगांना चर खुले आहेत की बांध सरकवून बुजवले आहेत, हे आत्ताच फिरून पाहा. नंतर कोणी बांध मागे घेत नाही.

शिवाय लाभधारकांची पाणी वापर संस्था करता आली तर अवश्य करा. राज्याने २००५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आहे. ती होईपर्यंत निदान ओढ्याकाठच्या विहीरवाल्यांची यादी करून दर एकरी थोडी वर्गणी ठरवा आणि बरगे घालण्या-काढण्याची मजुरी त्यातून द्या. निधीतून बरगे मिळतील, मजुरी दर वर्षी मिळेलच असे नाही.

---

करवीरचा सदस्य

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, त्यामुळे मला कामाला लागणे सोपे झाले. ग्रामसभा अजून दूर आहे, पण गेल्या रविवारी आम्ही पाच जण बंधाऱ्यावर गेलो आणि मोजणी केली. एकूण ९ गाळे आहेत आणि दोन्ही ओळी धरून प्रत्येक गाळ्यात १६ बरगे बसतात, म्हणजे १४४ लागतात. जुन्या समाजमंदिराच्या मागच्या शेडमध्ये आणि दोघांच्या गोठ्यात मिळून ९७ सापडले. गोठ्यातले बरगे वैरणीच्या गंजीखाली आधाराला ठेवले होते. मालकांनी काही न बोलता ते बाहेर काढून दिले. सापडलेल्यांपैकी २१ गंजून पातळ झाले आहेत, त्यामुळे ६८ नवे लागतील. चार गाळ्यांच्या खाचा सिमेंट निघून रुंद झाल्या आहेत, त्या आधी भरून घ्याव्या लागतील, असे गवंड्याने पाहून सांगितले.

उजव्या काठाचा चर दोन ठिकाणी बुजवलेला आहे. त्यातला एक बांध माझ्या चुलत्यांचा आहे. त्यांच्याशी बोलणे झाले, त्यांनी लागलीच होकार दिला नाही, पण नकोही म्हटले नाही. ऊस तुटल्यावर बघू म्हणाले. विहीरवाल्यांची यादी झाली, २३ नावे आहेत. वर्गणीच्या रकमेवर एकमत व्हायचे आहे.

ठरावाच्या मसुद्यात बंधारा दुरुस्ती आणि जनावरांचा खोडा ही दोन कामे घातली आहेत. कमानीचा आग्रह धरणाऱ्यांशी मी भांडलो नाही, त्यांना फक्त बंधाऱ्यावर नेऊन तळाच्या उंबऱ्यापाशी उभे केले. त्यातल्या दोघांच्या विहिरी त्याच ओढ्याला लागून आहेत.

बरगे सध्या शेडमध्ये रचून ठेवले असून दाराला कुलूप घातले आहे. एक किल्ली पाटकऱ्याकडे आहे आणि दुसरी महिला बचत गटाच्या अध्यक्षांकडे.